नक्षी अजून आहे

ट्रेलरचे टायर कधी बदलायचे हे मी बरीच वर्षे तीन गोष्टी बघून ठरवत असे: खात्यात शिल्लक किती, पार्टीचे बिल कधी सुटणार आणि टायरवाला किती दिवसांची उधारी देतो. टायर मात्र बघत नसे. बघितलाच तर वरवर. नक्षी दिसली की विषय पुढच्या महिन्यावर.

आमचे गाव उरण तालुक्यातले, जासईच्या बाजूचे. सिडकोने जमिनी घेतल्या, १९८४ च्या आंदोलनातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड परत आले, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी भूखंड विकून गाड्या घेतल्या आणि भातशेतीवाल्यांची पोरे ट्रान्सपोर्टर झाली. मीही झालो. भाताचे मला थोडेफार कळत होते, टायरचे काहीच नाही. पण मालकाला कोण विचारणार?

गाडीची रचना अशी. पुढच्या घोड्याला, म्हणजे इंजिन-केबिनच्या भागाला, दहा टायर, मागच्या चाळीस फुटी ट्रॉलीला तीन एक्सल आणि बारा टायर. नवा टायर यायचा तो स्टिअरिंगला. तिथे थोडा झिजला की घोड्याच्या मागच्या चाकांना. झिजून गुळगुळीत गोटा व्हायला आला की रिमोल्डवाल्याकडे पाठवायचा. तो जुने रबर खरवडून नवा पट्टा चढवून द्यायचा. मग तो जायचा ट्रॉलीला. ट्रॉली म्हणजे आमच्याकडचा टायरांचा वृद्धाश्रम. त्यातही सगळ्यात थकलेला शेवटच्या दोन एक्सलवर, जोडीतला आतला, जिथे तो कुणाच्या नजरेला पडत नाही.

या पद्धतीचा मला अभिमान होता. काटकसर म्हणजे काय ते माझ्याकडून शिका, असे मी कळंबोलीत चहावर सांगितलेलेही आहे.

ट्रॉलीला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, नुसते ओढले जायचे, तेव्हा तिथे टायरला काम कमी, असे माझे गणित होते. ते चूक होते. कंटेनर यार्डात गाडी आखूड वळणावर वळते तेव्हा ट्रॉलीचे एकही चाक वळत नाही, मागची आडवी घासली जातात. यार्डाच्या काँक्रीटवर ते काळे पट्टे मी रोज बघायचो, जळक्या रबराचा वास घ्यायचो, आणि त्याच जागेसाठी सगळ्यात जुना टायर राखून ठेवायचो. त्यात २०१८ च्या जुलैत केंद्राने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. तीन एक्सलचे २४ टन होते त्याचे २७ झाले. आम्ही मालक खूश. बारा टायरांत वाटले तर एकाच्या वाट्याला सव्वादोन टन. जोडीतला एक बसला की दुसऱ्यावर जवळपास साडेचार. हा भागाकार चौथीतल्या मुलाला येतो. मी तो केला नाही.

मग २०२० चा मार्च आला. बंदर चालू होते, पण काम आटले आणि ड्रायव्हर गावी गेले. माझ्या काही गाड्या खाडीच्या कडेच्या मोकळ्या मैदानात उभ्या राहिल्या. पूर्ण उन्हाळा, मग पावसाळा. एका ट्रॉलीवर तर भरलेला कंटेनर तसाच होता बराच काळ. या सगळ्यात मला एकच दिलासा वाटायचा: डिझेल जळत नाही, टायर झिजत नाहीत.

टायर चालताना झिजतो आणि उभा असताना म्हातारा होतो, हे मला फार उशिरा एका टायर कंपनीच्या इंजिनियरने समजावले. रबरात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात. चाक फिरते, बाजू दबते-सुटते, तेव्हा ते हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला जपतात. उभ्या गाडीत ही हालचालच होत नाही. वरून ऊन, हवा कमी झालेली आणि एकाच जागेवर टनावारी वजन. नक्षी जशीच्या तशी राहते आणि आतला माल कडक होत जातो.

आमचा एक ड्रायव्हर होता, बीडकडचा, वयाने माझ्याहून मोठा. मी त्याला काका म्हणायचो, तो मला शेठ. परत आल्यावर त्याने नेहमीप्रमाणे लोखंडी पाना घेऊन एकेक टायर ठोकून बघितला. टायर ठोकल्यावर चांगली हवा असेल तर एक आवाज येतो, बसका असेल तर दुसरा. जोडीतला आतला टायर तपासायची हीच पद्धत. मग तो ट्रॉलीखाली गेला आणि अंगाला माती लावून बाहेर आला.

"शेठ, मधल्या एक्सलचे आतले टायर बघून घ्या. भेगा पडल्यात."

"नक्षी आहे ना अजून?"

"नक्षी आहे."

"मग दिवाळीनंतर बघू."

दिवाळी झाली. मग पार्टीचे पेमेंट अडकले. मग मार्च एंड. हवा मात्र भरून घेतली, ११० पाउंड, एवढे केले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये काका चाकणसाठी चाळीस फुटी भरलेला कंटेनर घेऊन निघाला. पळस्पे सोडून एक्सप्रेसवेला लागला तेव्हा ऊन चांगलेच तापलेले होते. बोरघाटाच्या चढाला मधल्या एक्सलचा आतला टायर गेला. बावीस टायरांच्या गाडीत मागचा एक टायर गेलेला केबिनमध्ये नीट कळतही नाही. बहुतेक वेळा शेजारून जाणारा कुणीतरी हात करून सांगतो. इथे कुणी हात करण्याआधी जोडीतला दुसराही फुटला. त्याचा पट्टा सुटला, गरगरत फिरला आणि ब्रेकची हवेची नळी तोडून गेला. हवा गेली की ट्रेलरचे ब्रेक आपोआप आवळले जातात, तशी ती योजनाच असते. गाडी घाटात, लेनच्या मध्ये, जागच्या जागी उभी. सुटलेला रबराचा पट्टा मागच्या कारवर आदळला. कारमध्ये नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. बंपर आणि दिवा फुटला, माणसांना काही झाले नाही. तो पट्टा दोन हात वर आला असता तर काचेवर आला असता.

काकाने फोन केला. मी पहिला प्रश्न विचारला, "माल ठीक आहे ना?" दुसरा विचारला, "चालवत कसा होतास?" तू लागलास का, हे मी विचारले नाही. हा सगळा प्रकार लिहायला बसलो त्याचे कारण ते दोन प्रश्न आहेत. टायरची चूक अज्ञानाची म्हणता येईल. ही नाही.

क्रेन, कारवाल्याची भरपाई, कंटेनर परत करायला उशीर म्हणून शिपिंग लाइनचा डिटेन्शनचा आकार, पार्टीची बोलणी. विमा आहे म्हणून मी निवांत होतो, तर टायर आणि ट्यूब नुसत्या फुटल्या तर विमा काहीच देत नाही. गाडीचेही नुकसान त्याच वेळी झालेले असेल तरच, आणि तेही टायरच्या किमतीच्या ५० टक्के. पॉलिसीवर हे छापलेले असते. मी तिच्यावर दरवर्षी सही करत होतो.

घाटाखाली ज्याने चाके उतरवली त्या मिस्त्रीने फाटलेल्या टायरची बाजू पुसून मला चार आकडे दाखवले: ०९११. मी ते कारखान्याचा लॉट नंबर समजत आलो होतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०११ चा नववा आठवडा. दहा वर्षांचा सांगाडा, त्यावर दोनदा चढवलेले नवे रबर, आणि त्या नव्या रबराकडे बघून "नक्षी आहे" म्हणणारा मी. रिमोल्डिंगला माझा आजही आक्षेप नाही. नीट सांगाड्यावर नीट केलेले काम टिकते. मी सांगाड्याचे वय कधी विचारले नाही, एवढेच.

काका महिनाअखेरीला हिशेब घेऊन दुसऱ्या मालकाकडे गेला. "सांगितले होते" असे तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी भांडलो असतो आणि कदाचित तो थांबलाही असता.

यानंतर मी शहाणा झालो असे वाटत असेल तर थांबा. घाबरून मी स्वस्तात नव्या टायरांचा गठ्ठा उचलला. आकडे बघायचे असतात हे नुकतेच कळलेले, तरी पावतीवर "नवीन" लिहिलेले बघून गोडाऊनमध्ये वाकलो नाही. घरी आणून पाहिले तर त्यातले काही तीन-चार वर्षे तिथेच पडून होते. वर आणखी एक शहाणपण: पैसे पुरेनात म्हणून जोडीत एक नवा, एक जुना असे लावले. नवा उंचीला थोडा जास्त, म्हणून वजन सगळे त्याच्यावर. तो तापला, जुना आरामात. नव्याने आधी राम म्हटला. जोडी जोडीनेच बदलायची, हे कुठल्याही पंक्चरवाल्याने फुकट सांगितले असते.

आपल्या मोटार वाहन नियमांत मोजतात ती झीज, वय नव्हे: ट्रक-कारच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. ब्रिटनमध्ये २०१२ साली सरे परगण्यात एक बस रस्ता सोडून झाडावर आदळली आणि तिघे गेले. पुढचा टायर एकोणीस वर्षांहून जुना निघाला. मृतांपैकी एका मुलाच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०२१ च्या फेब्रुवारीपासून तिथे बस-ट्रकच्या पुढच्या एक्सलवर दहा वर्षांवरचा टायर बंद झाला. माझा टायर घाटात फुटला त्याच्या दोन महिने आधी. ती बातमी मी वाचली असती तरी म्हणालो असतो, पुढच्या एक्सलचे आहे, ट्रॉलीचे कुठे म्हटलेय?

आता गाड्या मुलगा बघतो. ट्रॉलीच्या चॅसिसवर प्रत्येक जोडीच्या वर पांढऱ्या रंगाने सांगाड्याचे साल लिहिलेले असते. पाच वर्षे झाली की दरवर्षी टायर उतरवून आतून बघायचा. किती वर्षांनी काढायचाच, यावर आमचे भांडण होते. तो आठ म्हणतो. मी सात म्हणतो. मी इतका सावध झालोय हे त्याला विनोदी वाटते.

गेल्या वर्षी पुतण्याने टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करून घेतली. आत पलंग, छोटी शेगडी, सगळे. हिवाळ्यात दोनदा कोकणात जाते, बाकी वर्षभर खारघरला सोसायटीत उन्हात उभी. "काका, टायरची चिंता नाही, नक्षी बघा," म्हणाला. मी नक्षी बघितली नाही, आकडे बघितले. चारही बदलायला लावले. तो अजून नाराज आहे. स्टेपनी तर गाडी पहिल्यांदा विकली गेली तेव्हापासूनचीच होती, कधी रस्त्याला न लागलेली, म्हणून त्याच्या मते एकदम कोरी.

तुमच्याही गाडीची स्टेपनी एकदा काढून बघा. साल बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला छापलेले असते आणि ती बाजू आतही असू शकते. बाकीच्या चाकांसाठी गाडीखाली झोपावे लागेल. टॉर्च आणि जुना शर्ट लागतो.