बैल घेताना दात पाहतात

हायब्रिड मोटार ही मुळात बैलगाडी आहे, असे मी म्हटले की आमच्या सॅक्रामेंटोतली मराठी मंडळी हसतात. मला मात्र त्यात विनोद दिसत नाही. एका जुवाखाली दोन बैल असावेत, तसे या गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटार. चढावर दोघे मिळून ओढतात. सिग्नलला इंजिन स्वस्थ उभे राहते. ब्रेक दाबला की चाकांच्याच जोराची वीज होऊन बॅटरीत परत जाते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टोयोटाची प्रियस विक्रीला आली आणि अशी जोडी पहिल्यांदाच मोठ्या संख्येने रस्त्याला लागली; २००० साली ती अमेरिकेत पोचली. आता निरनिराळ्या कंपन्यांच्या अशा जुन्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात उभ्या असतात. माझ्याही दारात २००९ सालची एक आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. म्हातारपण सगळ्यांना सारखेच.

बाजारात बैल घेणारा शेतकरी नुसती जोडी पाहून भुलत नाही. एकेकाचे तोंड उघडून तो दात पाहतो. जुनी मोटार घेणारा मात्र एकच आकडा विचारतो : किती मैल चालली? तो आकडा इंजिनाचे वय सांगतो. बॅटरीचे वय निराळे मोजावे लागते. इंजिन चालून झिजते. बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होते, आणि उन्हात लवकर होते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपर्यंत चढतो. तेव्हा 'आजीबाईंनी रविवारी चर्चपुरती बाहेर काढलेली' ही जाहिरात साध्या गाडीला शोभते. हायब्रिडच्या बाबतीत ती निम्मीच खरी.

माझ्या गाडीची बॅटरी २०२१ च्या उन्हाळ्यात बसली. दहा वर्षांची हमी केव्हाच संपली होती, आणि बारा वर्षे राबलेल्या बैलाविरुद्ध कसली तक्रार करायची? मागच्या सीटच्या मागे असलेल्या त्या पेटीत लहान लहान संच एकापुढे एक जोडलेले असतात. एक दुबळा झाला की सगळी माळ अडते. एका कारागिराने तेवढाच एक संच तीनशे डॉलरांत बदलून देतो म्हणून सांगितले. पण जुन्या धोतराला नवे ठिगळ लावले की शेजारचे कापड फाटते. मी सबंध पेटी नवी बसवली. मजुरीसकट बावीसशे डॉलर झाले.

तुम्ही म्हणाल, मग वाचलेल्या पेट्रोलचे काय? मांडू या हिशेब. मी वर्षाला १२,००० मैल फिरतो. गॅलनला तीस मैल देणाऱ्या साध्या गाडीला ४०० गॅलन लागले असते. माझीला पंचेचाळीसच्या हिशेबाने २६७ लागतात. साडेचार डॉलर दराने वर्षाचे सहाशे डॉलर वाचतात. म्हणजे बॅटरी पावणेचार वर्षांत फिटते. माझे शेजारी निवृत्त आहेत, वर्षाला जेमतेम ३,००० मैल चालवतात. त्यांचे वाचणार दीडशे डॉलर. त्यांना तीच बॅटरी फिटायला जवळजवळ पंधरा वर्षे हवीत, आणि तोवर तीही थकलेली असणार! मौज ही की कमी चाललेली गाडी आणि कमी चालवणारा मालक हीच जोडी लोकांना सुरक्षित वाटते.

शिवाय बचत थेंबाथेंबाने येते आणि खर्च घागरीने. महिन्याला वाचलेले पन्नास डॉलर भाजीत आणि दुधात विरघळून जातात. बावीसशे मात्र एका सकाळी रोख मागितले जातात.

तसे या जोडीचे उपकारही आहेत. ब्रेक फार दिवस टिकतात. माझ्या गाडीला वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, म्हणून ते बिघडतही नाहीत. पण गाडीखालच्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते, आणि इंजिन कमी चालल्यामुळे हायब्रिडमधला तो डबा कमी झिजतो. चोरांना हे ठाऊक आहे. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या चोऱ्या फार वाढल्या. जुन्या गाडीचा विमा पुष्कळजण दुसऱ्याच्या नुकसानीपुरताच ठेवतात. त्यात ही चोरी बसत नाही. फुकटची काळजी एकच : मागच्या सीटजवळच्या जाळीतून बॅटरी थंड राखणारी हवा आत जाते, ती मोकळी ठेवायची. साताऱ्याहून आलेली आई आपली पिशवी नेमकी तिथेच टेकवायची. "आई, तिला श्वास घेऊ दे," म्हटले की पिशवी मांडीवर घ्यायची आणि जाळीकडे जरा ओशाळून पाहायची.

परवा भाचीचा फोन आला. घरचे शेत तारण ठेवून ती इथे शिकायला आली. आता नोकरी लागली आहे आणि जाऊन-येऊन रोजचे साठ मैल आहेत.

"मामा, आठ हजाराला मिळतेय. फक्त सत्तर हजार मैल! घेऊ का?"

"साल कोणते?"

"२०११."

"बॅटरी?"

"मूळचीच आहे म्हणतात."

तिच्याजवळ आठ हजारच होते. गाडी एका सकाळी उभी राहिली तर नोकरी अडेल, आणि नोकरी अडली तर गावचा हप्ता. मी म्हटले, "ही गाडी आठ हजारांची नाही, दहा हजार दोनशेची आहे. वरचे बावीसशे विकणारा आज मागत नाही, एवढेच. तुझे रोजचे मैल पाहता हायब्रिड तुला परवडेल, अवश्य घे. पण सहा हजारांतली पाहा. मैल थोडे जास्त असले तरी चालतील. दोन हजार बँकेत राहू देत. ते तुझे नाहीत, बॅटरीचे आहेत."

ती जराशी हिरमुसली. गेल्या आठवड्यात तिने एक फोटो पाठवला. मला वाटले, गाडीचा असेल. तो दोन वर्षांपूर्वी बॅटरी बदलल्याच्या पावतीचा होता. एका बैलाचे दात पाहून झाले. शनिवारी दुसऱ्याचे पाहायला आम्ही दोघे कारागिराकडे जाणार आहोत.