ढलप्या आणि धार

रंधा नीट चालायला लागला की त्याचा आवाज बदलतो. आधी तो खरवडतो, अडखळतो, मध्येच थबकतो. मग पातं हवं तेवढंच बाहेर येतं, दोन्ही हातांचा जोर सारखा पडतो आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक, न तुटणारा ‘स्सऽऽ’ ऐकू येतो. रंध्याच्या तोंडातून ढलपी वर येते, आपली आपणच गुंडाळते आणि मनगटावरून घरंगळून खाली पडते. इतकी पातळ की उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसावी. हा आवाज उमटला की आमच्या कार्यशाळेतल्या बाकीच्या बायका हातातलं काम थांबवून माना वळवतात. कुणाला जमलं ते बघायला.

पुण्यातल्या एका जुन्या गोदामाच्या मागच्या अंगाला ही कार्यशाळा आहे. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, मधोमध जाडजूड बाकं. हत्यारं सगळ्यांची मिळून. शनिवारची दुपार फक्त बायकांची. फळ्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून येतात, पटाश्या आणि करवती बोहरी आळीतून. शिकवायला एक मिस्त्रीकाका आहेत. फर्निचरच्या धंद्यात उभी हयात घालवलेले, कमी बोलणारे. शिकायला येणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेल्या काकू आहेत, रात्रपाळी करून येणारी नर्स आहे, आर्किटेक्चरला असलेली मुलगी आहे आणि चार घरचा स्वयंपाक आटोपून येणाऱ्या मावशी आहेत. एरवी या सगळ्याजणी एका बाकाशी उभ्या राहण्याचा योग कुठे आला असता?

दाराशेजारी भिंतीवर खिळे ठोकलेली एक पट्टी आहे. आत शिरताना बांगड्या, अंगठ्या, घड्याळं तिथं अडकवायची. ओढणी काढून ठेवायची, पदर घट्ट खोचायचा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सारायचं, केस बांधायचे. विजेवर फिरणाऱ्या करवतीजवळ सैल काही चालत नाही. हातमोजेसुद्धा नाहीत, कारण फिरतं पातं मोज्याचं टोक पकडतं आणि मोज्यासकट हात आत ओढतं. हा नियम नव्यानं येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगितला जातो आणि प्रत्येकीचा हात क्षणभर बांगड्यांवर थांबतो. घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं ना, हात मोकळे ठेवू नयेत. आमच्यातल्या एकीच्या हातात कासाराकडून भरलेला हिरवा चुडा होता, इतका घट्ट की काढायचा तर वाढवावाच लागला असता. तिचं मन होईना. काकांनी एका शब्दानं आग्रह केला नाही. तिला मशीनपासून लांबच्या बाकावर जागा दिली आणि हातकरवत दिली. सगळे छेद ती हातानंच घेत राहिली. आज पेन्सिलीच्या रेघेला लागून, रेघ न खाता, सरळ छेद घ्यावा तो तिनंच. मशीनवाल्यासुद्धा बारीक कामाची फळी तिच्याकडे नेऊन देतात.

बायका आणि हत्यारं यांचं आपल्याकडे फार जुनं नातं आहे. खंडेनवमीला, दसऱ्याला कारागिराच्या घरी करवत, वाकस, रंधा, गिरमिट धुऊन-पुसून पाटावर मांडतात. खाली रांगोळी काढायची ती घरच्या बाईनं. हळदकुंकू, फुलं वाहायची तीही तिनंच. दुसऱ्या दिवशी हत्यारं पुरुषांच्या हातात परत जातात आणि तिच्या वाट्याला वर्षभर ढलप्या झाडणं येतं. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं, भाज्या आणि खेळणी सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या रंगकामात घरच्या बायकांचे हात असतात. लाकूड तासणं मात्र बहुतेक पुरुषांकडे. ज्या पाटावर जेवायचं, ज्या पोळपाटावर लाटायचं, ज्या पाळण्यात मूल निजवायचं, त्या वस्तूंशी सगळा जन्म काढायचा आणि त्यांचा पाय निखळला तर कुणीतरी येईपर्यंत वाट बघायची. मला हे अन्यायाचं वाटतं आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं.

कायद्याची नजरही फार वेगळी नव्हती. १९४८च्या कारखाना कायद्यात चालू इंजिनाला किंवा ते फिरवत असलेल्या यंत्रणेला तेल घालण्याची, ती साफ करण्याची मनाई होती. कुणाला? स्त्रियांना आणि अल्पवयीन मुलांना, दोघांना एकाच वाक्यात. हेतू संरक्षणाचा होता हे मान्य. पण चाळिशीची बाई आणि पंधरा वर्षांचा पोरगा यंत्रासमोर सारखेच अजाण आहेत, असं गृहीत धरलेलं त्या वाक्यात दिसतं. यंत्रापासून बाईला लांब ठेवलं की ती सुरक्षित, हे सोपं उत्तर झालं. यंत्र कसं थांबवायचं हे तिला शिकवणं जास्त कष्टाचं होतं.

ताकदीचं म्हणाल, तर तो मुद्दा पहिल्या महिन्यातच निकालात निघतो. लाकूड कापते ती धार. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. सुतारकामातल्या कितीतरी जखमा बोथट हत्यारानं होतात, असं काका सांगतात. त्यातून आपला लाडका साग. त्याच्या लाकडात सिलिका असते, वाळूतलीच, म्हणून सागावर चाललेलं पातं लवकर मरतं. त्यामुळे कार्यशाळेत सर्वात आधी शिकवतात ते धार लावणं. दगडावर थोडं तेल टाकायचं, पटाशीचा उतार साधारण २५ अंशांत टेकवायचा, तो कोन न हलवता पुढे-मागे न्यायचं. थोड्या वेळानं मागच्या सपाट बाजूला बोट फिरवलं की बारीक कंगोरा लागतो. मग पालथी करून तो कंगोरा अलगद काढायचा. धार आली का, हे बघायला अंगठ्याच्या नखावर पातं नुसतं टेकवतात. घसरलं तर अजून दगडावर. नखाला धरून राहिलं तर झालं. नर्सबाईंनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्या कितीतरी वेळ ती पटाशी नुसती हातात धरून बसल्या होत्या.

आणखी एक गोष्ट मला तिथं गेल्यावर समजली. आपला पारंपरिक सुतार जमिनीवर बसून काम करायचा. लाकूड पायानं दाबून धरायचा आणि हात दोन्ही मोकळे. उंच बाक आणि त्याला जोडलेला लोखंडी व्हाइस हे इंग्रजी अंमलातून आले. मावशी पहिल्या दिवशी बाकाशी उभ्या राहून अवघडल्या होत्या. काकांनी ते बघितलं आणि फळी खाली फरशीवर दिली. मावशींनी एक पाय मुडपला, दुसऱ्या पायानं फळी दाबली आणि पाठ थोडी पुढे वाकवली. विळीवर बसतात तशा बसल्या. करवत सरसर चालायला लागली. पायानं दाबून धरणं, पात्याकडे नजर ठेवून हातानं जिन्नस सरकवणं, बोटं किती अंतरावर राहू द्यायची याचा अंदाज, हे सगळं त्यांच्या अंगात होतंच.

आणि त्यांच्या अंगात त्याहूनही पुष्कळ होतं. एकदा कुणाच्या तरी पाडलेल्या वाड्यातून तुळयांचे तुकडे आले होते. वरून सगळे काळे, धुरकट, एकसारखे. कोणतं लाकूड काय, यावर आमची चर्चा चालली होती. मावशींनी एकेका तुकड्यावर रंध्याचा एक हात मारला, ढलपी नाकाशी नेली आणि बाजूला ठेवत गेल्या. “ह्यो साग. ह्यो बी साग. ही बाभळ, चुलीत ठिणग्या उडवती. ह्यो आंबा, ह्यो घेऊ नका, पोखरलेला आसंल.” काका थक्क झाले. “मावशी, हे कुठं शिकलात?” मावशी खाली बघत म्हणाल्या, “बाप सुतार व्हता माजा. बलुतं व्हतं गावात. नांगर, पाभर, गाडीची चाकं, समदं करायचा. भाऊ बसायचे त्याच्यापाशी. मला हत्याराला हात नाय लावू दिला कदी. पर ढलप्या मीच येचायची, चुलीला.”

त्या दिवसानंतर मी मावशींच्या बोलण्याचा फार विचार केला. सुताराचा मुलगा सुतारकाम शिकतो ते कुणी धडे दिल्यामुळे नाही. बाप काम करत असताना तो समोर बसलेला असतो. रंध्याचा आवाज, लाकडाचा वास, चुकलेल्या छेदानंतरची बापाची चिडचिड, कुसू खाचेत चपखल बसल्यावरचं त्याचं समाधान, हे सगळं वर्षानुवर्षं बघता बघता एक दिवस त्याच्या हातात हत्यार येतं. मावशीही त्याच अंगणात होत्या. त्यांनीही तेच बघितलं. त्यांच्या हातात शेवटचं हत्यार तेवढं आलं नाही. आमच्यापैकी बाकीच्यांना तर ते अंगणही मिळालं नव्हतं. यूट्यूबवर बघून एकटीनं घरी करून बघायचा पर्याय सगळ्यांनाच होता, पण व्हिडिओतला माणूस तुमचा कोपर कुठे चाललाय ते बघत नाही. शेजारच्या बाकावरची बाई बघते. “अहो काकू, उलट्या रेषांनी रंधताय, फळी फिरवा,” असं ती म्हणते आणि फळी फिरवली की खरखर थांबते. कार्यशाळा म्हणजे माझ्या मते हेच, एकमेकींचे हात बघायला मिळणं. आम्हाला उशिरा मिळालेलं अंगण.

हातानं काम करत शिकण्याचा हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. नयी तालीम या शिक्षणपद्धतीचा आराखडा १९३७ साली वर्ध्यालाच मांडला गेला आणि त्याच्या केंद्रस्थानी हाताचं काम होतं. पुण्यापासून ७०-एक किलोमीटरवर पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांसाठी तिथं तयार झालेल्या अभ्यासक्रमात कार्यशाळेतलं काम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे विभाग आहेत आणि ते सगळे विभाग मुलग्यांनाही असतात, मुलींनाही. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाकघरात पोषणाचा हिशोब करतो. त्या वयात हे झालं तर पुढे शनिवारच्या वेगळ्या दुपारची गरजच उरणार नाही. केरळात एट्टुमानूरचं अर्चना विमेन्स सेंटर बायकांना गवंडीकाम आणि सुतारकाम शिकवतं, ते उपजीविकेसाठी. आमच्याकडे अजून कुणी त्यावर पोट भरत नाही. पण मावशींनी दोन घरच्या खुर्च्या दुरुस्त करून त्याचे पैसे घेतले आहेत, स्वयंपाकाच्या पैशांहून वेगळे ठेवले आहेत.

बँकेतल्या काकूंच्या घरी न्हाणीघराचं दार दर पावसाळ्यात फुगायचं. दरवर्षी कुणीतरी येऊन ते तासून जायचं, आणि उन्हाळ्यात फट पडायची. लाकूड ओल पिऊन आडवं फुगतं, लांबीला जवळपास नाही, आणि ओल सर्वात जास्त पितं ते त्याच्या कापलेल्या टोकांतून, हे त्यांना कार्यशाळेत समजलं. रंगाऱ्यानं दाराच्या दोन्ही बाजू रंगवल्या होत्या. उभ्या फळ्यांची टोकं जिथं उघडी असतात, त्या वरच्या आणि खालच्या कडा कोऱ्याच राहिल्या होत्या. काकूंनी एप्रिलमध्ये, लाकूड कोरडं असताना, दार बिजागऱ्यांतून काढलं, कड थोडी रंधली, वरच्या-खालच्या कडांना व्हार्निशचे हात दिले आणि परत बसवलं. यंदा जुलैत ते सहज लागतंय. हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

तुमच्या गावात किंवा पेठेत एखादी रिकामी खोली असेल, शाळेची, मंडळाची, जुन्या गिरणीची, आणि धंद्यातून निवृत्त झालेले एखादे मिस्त्री शिकवायला तयार असतील, तर हे सुरू करा. सुरुवातीला मशीन लागत नाही. दोन मजबूत बाकं, दोन हातकरवती, एक रंधा, गुण्या, काही पटाश्या आणि लाकडी हातोडा पुरतो. बाकाची उंची शिकणाऱ्यांच्या मापानं ठेवा. सरळ उभं राहून हात खाली सोडला तर तळवा बाकावर सपाट टेकला पाहिजे. भुशासाठी चांगले मास्क आणा, लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना आणि नाकाला घातक असते. पटाश्या थोड्याच घ्या पण चांगल्या पोलादाच्या घ्या, आणि त्यांच्याबरोबर धारेचा दगड त्याच दिवशी विकत आणा.