दूरदेशीचे सिमकार्ड

वसईच्या पट्ट्यातून माणसे परदेशी जाऊ लागली त्याला आता दोन-तीन पिढ्या लोटल्या. सत्तरीच्या दशकात आखाती देशांत गेलेल्यांच्या घरी महिन्यातून एखादे निळसर हवाईपत्र येई आणि ते ओट्यावर बसून सर्वांना वाचून दाखवले जाई. पुढे कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवण्याची टूम निघाली. त्यानंतर नाक्यावरचे आय.एस.डी. बूथ आले. तेथे काचेच्या खोपट्यात उभे राहून, समोरच्या यंत्रावर पळणाऱ्या लाल आकड्यांकडे डोळे लावून, आम्ही खुशाली विचारल्याचे अनेक वाचकांना स्मरत असेल. त्या काळी परदेशी जाणारा नोकरीसाठी जाई. आता निराळाच प्रकार पाहावयास मिळतो आहे. माणूस दूरदेशी जातो आणि त्याची नोकरी मात्र येथेच राहते.

आमच्या घरी हे प्रत्यक्ष घडले. सूनबाईंना पोर्तुगालमधील पोर्तो शहरी तीन वर्षांच्या संशोधनाची संधी मिळाली. चिरंजीवांच्या मुंबईतील कचेरीने त्यांना तेथून काम करण्याची मुभा दिली, मात्र कामाच्या वेळा मुंबईच्याच राहतील आणि संपर्क वारंवार तुटल्यास मुभा काढून घेतली जाईल, ही अट घालूनच. एकाच्या शिष्यवृत्तीवर दोघांचा संसार तेथे चालणे कठीण. त्यामुळे २०२५ सालच्या ऑक्टोबरात प्रयाण करण्यापूर्वी आमच्या घरात सर्वाधिक खल झाला तो मोबाइलच्या डेटा प्लॅनवर. सामानात किती लोणचे न्यावे हा विषयसुद्धा मागे पडला.

पोर्तुगाल म्हटले की आपल्या मनात जुन्या आठवणी जाग्या होतात. १९६१च्या १९ डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. तेव्हा गोव्यातील कितीतरी कुटुंबे त्या हक्काने तिकडे गेली. आपली वसई मात्र १७३९ सालीच चिमाजी अप्पांनी घेतली. तेव्हा आम्हां वसईकरांना व्हिसाच्या रांगेतच उभे राहावे लागते. असो.

प्रथम हिशेब केला तो गरजेचा. चिरंजीवांना दिवसाकाठी सुमारे चार तास बैठकांना बसावे लागते. स्वच्छ चित्रासह तासभराच्या बैठकीला साधारण एक ते दीड जीबी डेटा लागतो. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर ८८ तास होतात, म्हणजे ८८ ते १३२ जीबी एवढ्यातच संपले. तीच बैठक चित्र बंद करून नुसत्या आवाजावर चालवली तर तासाला शंभर एमबीदेखील लागत नाहीत. आमचे म्हणणे असे की कचेरीतील निम्म्या बैठकांना चेहरे दाखवण्याचे काहीच कारण नसते. परंतु हा निर्णय आमच्या हाती नव्हता.

त्या हिशेबाच्या कागदावर दुसरी ओळ आमच्या मातोश्रींनी घालायला लावली. त्यांचे वय ८६. रोज रात्री आठ वाजता घरात जपमाळ होते आणि नातू परदेशी असला तरी तो जपमाळेला असलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. अर्धा तास रोज म्हणजे महिन्याला १५ तास. नुसता आवाज ठेवला तर सारा महिना एक-दीड जीबीत भागतो, चित्र ठेवले तर १५ ते २२ जीबी लागतात. चिरंजीवांनी सुचवले की प्रार्थनेला आवाज पुरे. मातोश्री म्हणाल्या, “आवाज रेडिओचाही येतो. माझा नातू मला दिसला पाहिजे.” कागदावर १५ ते २२ लिहिले गेले.

‘अमर्याद’ ही जाहिरातीतली अक्षरे वाचताना सावध राहावे. अनेक प्लॅनमध्ये ठरावीक जीबीनंतर डेटा थांबत नाही, पण वेग इतका उतरतो की अक्षरी निरोप जातो आणि बैठक मात्र कोलमडते. शिवाय जाहिरातीत मोठ्या आकड्यांनी छापलेला वेग हा उतरणारा, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या मजकुराचा असतो. घरून काम करणाऱ्याला चढता वेगही तितकाच लागतो, कारण आपले चित्र व आवाज त्यानेच जातो. आणि वेग मोजतात मेगाबिटमध्ये, प्लॅन मोजतात जीबीमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे ध्यानात न घेता दोहोंची तुलना केली तर गफलत होते.

प्रवाशांसाठी विकली जाणारी ई-सिम आम्हांला आरंभी फार सोयीची वाटली. कार्ड बदलावे लागत नाही, विमानातून उतरताच संपर्क सुरू. आठवडाभराच्या तीर्थयात्रेला ती उत्तमच. पण दीर्घ मुक्कामाला दर जीबीचा भाव परवडत नाही. त्यांतील बहुतेकांना स्थानिक दूरध्वनी क्रमांक नसतो. मग घरमालक, दवाखाना, कुरियरवाला यांना द्यायचे काय? आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. अशी पुष्कळ कार्डे मुळात तिसऱ्याच देशाची असून पोर्तुगालमध्ये रोमिंगवर चालतात. आपला सारा डेटा त्या तिसऱ्या देशाचा वळसा घेऊन बाहेर पडतो. त्याने विलंब वाढतो, आणि कचेरीच्या सुरक्षायंत्रणेला आपला कर्मचारी भलत्याच देशात बसल्याचे दिसून ती दार लावून घेते. म्हणून पहिले दोन दिवस ई-सिम व त्यानंतर तेथील कंपनीचे कार्ड, असे ठरले.

पोर्तुगालमध्ये मेओ, नॉस व व्होडाफोन या तीन जुन्या कंपन्या आहेत. २०२४च्या नोव्हेंबरात रोमानियाची डिजी ही चौथी उतरली आणि तिने भाव पाडले. मात्र स्वस्त दिसणारा मासिक करार पुष्कळदा बांधिलकीचा असतो. कायद्याने ती २४ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही, पण मध्येच सोडल्यास भुर्दंड बसतो. पोर्तोतील जुनी घरे ग्रॅनाइटच्या जाड भिंतींची आहेत. रस्त्यावर पूर्ण भरलेल्या पट्ट्या माजघरात एकावर येतात. तेव्हा घर निश्चित होईपर्यंत कोणताही करार करावयाचा नाही, महिन्यामहिन्याचे प्रीपेड कार्ड घ्यावयाचे, ते घराच्या प्रत्येक खोलीत तपासून पाहावयाचे, आणि बस्तान बसल्यावर घरात फायबरची जोडणी घेऊन मोबाइल हाताशी ठेवावयाचा, असा क्रम लावला. त्या देशात फायबर बहुतेक घरांपर्यंत पोचलेली आहे. तेव्हा दीर्घ मुक्कामाच्या कामाचा सारा भार मोबाइलवर टाकू नये, असेच आमचे मत झाले. मोबाइल हा आडवेळेचा सोबती.

आडवेळ कशी येते ते त्याच वर्षी दिसले होते. पोप फ्रान्सिस यांचा अंत्यविधी २६ एप्रिल २०२५ रोजी आपण सर्वांनी पाहिला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २८ एप्रिलला, स्पेन व पोर्तुगालमधील वीज एकाएकी गेली आणि कित्येक तास आली नाही. घरातील फायबर तत्काळ निकामी झाली. मोबाइलचे मनोरे बॅटरीवर काही काळ तगले आणि मग एकेक करून मुके झाले. दोन निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे असूनही अशा दिवशी इलाज नाही. चिरंजीवांनी हे कचेरीला आधीच लेखी कळवून ठेवले, ते फार बरे केले.

समुद्राचे भय निराळे. २०२५च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या आणि भारत व युरोप यांच्यामधील इंटरनेट मंदावले. हा मार्ग जुनाच आहे. १८७० साली मुंबईहून एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असा लंडनपर्यंतचा तारमार्ग पुरा झाला तेव्हा ती तार लिस्बनजवळच्या कार्कावेलोश गावी किनाऱ्याला लागून मग इंग्लंडकडे जाई. पोर्तो ते मुंबई हवाई अंतर सुमारे ८,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला अंदाजे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन येण्यास सेकंदाचा बारावा हिस्सा तरी लागणारच, आणि प्रत्यक्ष केबलचा रस्ता याहून लांब. कितीही महाग प्लॅन घेतला तरी हा विलंब विकत घेऊन टाळता येत नाही. जपमाळेच्या वेळी तो फार जाणवतो. घरच्यांनी अर्धी प्रार्थना संपवून उत्तराची वाट पाहावी, तर तिकडचे उत्तर येईपर्यंत इकडे कुणीतरी पुढचे सुरू केलेले असते. मातोश्रींनी सर्वांना सक्त ताकीद दिली आहे की नातवाचे ‘आमेन’ ऐकू आल्याशिवाय पुढचा मणी सरकवावयाचा नाही. आता जपमाळेला अर्ध्याऐवजी चाळीस मिनिटे लागतात, आणि कागदावरचे १५ तास २० झाले आहेत.

घड्याळाचीही गंमत आहे. उन्हाळ्यात पोर्तुगाल आपल्या साडेचार तास मागे असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे घेतात आणि अंतर साडेपाच तासांचे होते. मुंबईची सकाळी दहाची कचेरी म्हणजे तेथे हिवाळ्यात पहाटेचे साडेचार. यात एक लाभ असा की त्या प्रहरी मनोऱ्यावर गर्दी नसते. संध्याकाळी अडखळणारे कार्ड पहाटे सुरेख चालते. म्हणून कार्डाची परीक्षा आपण ज्या वेळी काम करणार त्याच वेळी घ्यावी.

युरोपीय संघात २०१७च्या १५ जूनपासून रोमिंगचा जादा आकार रद्द झाला आणि ती सवलत २०३२पर्यंत वाढवलेली आहे. त्यालाही मर्यादा आहेत. चार महिन्यांच्या काळात मुक्काम व वापर दोन्ही परदेशीच अधिक दिसले तर कंपनी विचारणा करू शकते आणि पुढे आकार लावू शकते. अमर्याद प्लॅनलाही बाहेर मोजमाप लागते. करवगळता किमतीला घाऊक दराने भागून दुप्पट करावे, तेवढे जीबी किमान मिळतात. २०२६साठी तो दर जीबीला १.१० युरो असल्याने ११ युरोंच्या प्लॅनवर २० जीबी. पोर्तोहून पायी सांतियागोची यात्रा करणाऱ्याला हे विपुल आहे, स्पेनमध्ये बसून महिनाभर कचेरी करणाऱ्याला नाही. ब्रिटन आता संघाबाहेर असल्याने तेथील नातलगांकडे जाताना नियम पुन्हा पाहावेत.

सर्वांत अधिक काळजी मात्र येथल्या क्रमांकाची. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. २०२३ साली अनिवासी खातेदारांच्या यूपीआयसाठी ज्या दहा देशांच्या क्रमांकांना प्रथम अनुमती मिळाली त्यांत पोर्तुगाल नव्हते. क्रमांक ९० दिवस निष्क्रिय राहिला तर तो जाऊ शकतो. २०२४च्या डिसेंबरात ट्रायने डेटाविना केवळ बोलणे व संदेश यांचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि पॅकची कमाल मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. परदेशी बसून येथल्या डेटाचे पैसे भरण्यात अर्थ नाही. असा वर्षाचा पॅक घ्यावा, आंतरराष्ट्रीय रोमिंग येथून निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे, आणि त्या कार्डाचे डेटा रोमिंग फोनमध्ये बंद ठेवावे.

त्या क्रमांकाचे दुसरे कारण मातोश्री. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे आणि नातवाचा क्रमांक त्यांना तोंडपाठ आहे. तोच एक. ३५१ने सुरू होणारा नवा क्रमांक त्या शिकणार नाहीत, तसे त्यांनी सांगूनही टाकले. परंतु रोमिंगमध्ये फोन उचलला की मिनिटागणिक आकार पडतो. तेव्हा आपल्याकडचा जुना मिस्ड कॉलच कामी आला. त्या दोन वेळा घंटा वाजवून फोन ठेवतात; नातू उचलत नाही आणि आमच्या टॅबवर चित्रासह फोन करतो. त्याची बैठक चालू असेल तर तो दहा-वीस मिनिटे उशिरा करतो, आणि तोवर मातोश्री टॅब मांडीवर घेऊन बसून राहतात. त्या पॅकचे नूतनीकरण दर सप्टेंबरात करावयाचे आहे. धर्मग्रामाच्या दिनदर्शिकेत मारियामातेच्या जन्मदिनाच्या, ८ तारखेच्या चौकटीत त्यांनी ते आमच्याकडून लिहून घेतले आहे.