आजी, ट्यूबलाईट आणि 50 हर्ट्झ

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.

सुट्टीत सास्तूरला आजीकडे गेले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाबद्दल आजी कधीच बोलत नाही. त्या रात्री मात्र जेवणं झाल्यावर स्वतःहून सांगायला लागली. विसर्जन उरकून गाव झोपलेलं, पहाटे चारच्या सुमारास सगळं हाललं, माळवद खाली आलं, मातीखालून धाकट्या जावेची हाक किती तरी वेळ येत होती... तिला विचारून मी मोबाईल लावला. व्हिडिओ झकास यावा म्हणून 60 फ्रेमचा मोड ठेवला. इंजिनिअर ना आम्ही!

हॉस्टेलवर येऊन बघते तर काय, आजीच्या चेहऱ्यावरून काळपट पट्टे सरकतायत. रूममेट म्हणाली, "मोबाईल गेला तुझा." मोबाईल ठणठणीत होता, गेली होती माझी अक्कल.

आपली वीज 50 हर्ट्झची. प्रत्येक सायकलमध्ये करंट दोनदा शून्यावर येतो, म्हणून आजीकडची जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंदावते. डोळ्यांना कळत नाही. (वर्कशॉपमध्ये ट्यूबखाली फिरणारा लेथचा चक कधी कधी थांबल्यासारखा दिसतो, तो याच प्रकारातला. हात घालू नका!) मोबाईलचा सेन्सर मात्र चित्र एका दमात घेत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. शटर 1/60 सेकंदाचं असेल तर तेवढ्यात उजेडाचे पावणेदोनला थोडे कमी ठोके बसतात. एखाद्या ओळीला जास्त उजेड, एखादीला कमी. झाले पट्टे! शटर 1/100 किंवा 1/50 ठेवलं की प्रत्येक ओळीला पुरे एक किंवा दोन ठोके मिळतात आणि पट्टे गायब. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिथे माझं 1/60 बरोबर चाललं असतं. पण आजी सास्तूरची!

पुढच्या खेपेला सगळं सेटिंग करून गेले. आजी म्हणाली, "एकदा सांगितलं की गं माय. सारखं काय उकरायचं?" फार मागे लागले तेव्हा अंगणात, उन्हात बसून पाच मिनिटं बोलली. पुनर्वसनाचं घर कसं मिळालं, पत्र्याच्या शेडमध्ये किती दिवस काढले, एवढंच. चित्र एकदम स्वच्छ. जावेचं नाव तिने काढलं नाही.

पट्ट्यांचा व्हिडिओ मी तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलाय.