प्रोग्रामचाही ताळा पाहावा लागतो



गणितात उत्तर आलं की सर किंवा बाई लगेच विचारतात, "ताळा पाहिलास का?" वजाबाकीचा ताळा बेरजेने पाहायचा, भागाकाराचा गुणाकाराने. संगणकाचा प्रोग्राम लिहितानाही हाच नियम लागतो. मला हे आमच्या सातवीतल्या एका मुलीमुळे नीट समजलं. तो अनुभव आज सांगतो.

शाळेच्या रोजच्या कामासाठी मी पायथॉन या भाषेत छोटी छोटी फंक्शन्स लिहून एका फाईलमध्ये साठवत होतो. संख्येचे अंक वेगळे करणे, अंकांची बेरीज करणे, टक्केवारी काढणे, अपूर्णांकातले गुण पूर्ण संख्येत आणणे, अशी ही साधी कामं. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या अशा फंक्शन्सच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यासारखीच ती असते. भाजी असो, आमटी असो, पोहे असोत, हात त्याच डब्यात जातो. पण म्हणूनच डब्यातल्या हळदीत भेसळ असेल, तर ती घरातल्या प्रत्येक पदार्थात उतरते.

२२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन असतो. त्या दिवसासाठी मी कापरेकर सरांचा विषय घेतला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९३० ते १९६२ ही सगळी वर्षे ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते. नोकरी सांभाळून त्यांनी संख्यांवर संशोधन केलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोहोचलं.

त्यांचा ६१७४ हा स्थिरांक तुम्ही ऐकला असेल. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच.

त्यांचं जन्मसालच घेऊन पाहू. १९०५ चे ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४.

माझ्या लायब्ररीत अंक वेगळे करणारं फंक्शन होतंच. ते वापरून मी दहा मिनिटांत प्रोग्राम लिहिला. १९०५ टाकलं, बरोबर. ३५२४ टाकलं, तीन पायऱ्यांत बरोबर. आणखी दोन-तीन संख्या टाकल्या, सगळ्या बरोबर. झालं काम, असं मी ठरवून टाकलं.

वर्गात मुलांना चौकटीच्या वहीत संख्या सोडवायला दिल्या आणि मी लॅपटॉपवर उत्तरं तपासत होतो. एका मुलीने मुद्दाम १००० घेतलं. प्रोग्रामने उत्तर दिलं ०. ती म्हणाली, "सर, माझं तर ६१७४ येतंय."

मी म्हणालो, "वजाबाकी चुकली असेल. पुन्हा कर बघू."

तिने पुन्हा केलं. "सर, तेच येतंय."

तास संपला होता. "घरून नीट करून आण," असं सांगून मी निघालो. संगणक चुकेल ही शंकासुद्धा माझ्या मनात आली नाही. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन हजर. १००० वजा ०००१ म्हणजे ०९९९. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१. पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. एकही पायरी चुकलेली नव्हती.

चूक माझ्या फंक्शनमध्ये होती. तिने चार चौकटी आखल्या होत्या, म्हणून हजाराच्या घरात तिने ० लिहिला. संगणकाच्या दृष्टीने मात्र ०९९९ आणि ९९९ एकच. त्याने तीनच अंक घेतले, ९९९ मधून ९९९ वजा केले आणि उत्तर ० आलं. मी तिची वर्गासमोर माफी मागितली. न तपासलेल्या प्रोग्रामवर विसंबून मी बरोबर उत्तराला चूक म्हटलं होतं, त्यामुळे ते करणं भागच होतं.

घरी आल्यावर १००० ते ९९९९ अशा सगळ्या ९००० संख्या प्रोग्राममधून काढल्या. ७७ संख्यांचं उत्तर ० आलं. त्यातल्या १११, २२२ नव्हे, तर ११११, २२२२ अशा सारख्या अंकांच्या ९ संख्यांचं ० येणं बरोबरच होतं. उरलेल्या ६८ मात्र चुकीच्या होत्या. ९००० मध्ये ६८! माझ्या चार-पाच संख्यांच्या तपासणीत त्या कशा सापडणार?

मग दुरुस्ती. अंक वेगळे करताना चारपेक्षा कमी अंक आले तर पुढे शून्य लावायचं, असं मी लिहिलं. चार अंकी खेळ सुधारला, पण तीन अंकी बिघडला! तीन अंकी संख्यांसाठी ४९५ हा स्थिरांक येतो. माझं फंक्शन ४९५ चं ०४९५ करायला लागलं आणि गाडी ६१७४ ला जाऊन थांबायला लागली. लायब्ररीतलं फंक्शन अनेक ठिकाणी वापरलेलं असतं. एकीकडची गळती बुजवताना दुसरीकडे भोक पडू शकतं. शेवटी किती अंक हवेत हे फंक्शन वापरणाऱ्यानेच सांगायचं, अशी सोय केली. आणि १९०५, १०००, ११११, ४९५, १०० या संख्या व त्यांची अपेक्षित उत्तरं एका वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवली. लायब्ररीत काहीही बदललं की ती फाईल आधी चालवायची. यालाच टेस्ट म्हणतात. माझ्या मते हा ताळाच आहे.

मग बाकीच्या फंक्शन्सचाही ताळा पाहायला बसलो. गुण पूर्ण संख्येत आणणाऱ्या फंक्शनला ३५.५ दिलं, ३६ आलं. ३४.५ दिलं, तर ३४! पायथॉन ३ मधलं राउंड हे तयार फंक्शन बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातं. तो त्या भाषेचा नियम आहे, बिघाड नाही. पण आपण शाळेत अर्धा आला की वर धरतो आणि उत्तीर्णला ३५ लागतात. हे फंक्शन मी निकालपत्रकात अजून वापरलं नव्हतं म्हणून बरं. नाहीतर एखादं मूल पास असूनही नापास दिसलं असतं, आणि "संगणकाने काढलंय" म्हणून कोणी विचारलंही नसतं.

मित्रांनो, प्रोग्राम लिहाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. सोप्या संख्यांवर तपासून थांबू नका. शून्य, सगळ्यात लहान, सगळ्यात मोठी, सगळे अंक सारखे आणि बरोबर अर्धा, अशा अडचणीच्या जागा आधी तपासा. अपेक्षित उत्तर त्याच प्रोग्राममधून घेऊ नका, वहीत हाताने काढा. आणि तुमचं हाताने काढलेलं उत्तर संगणकाशी जुळलं नाही, तर पायऱ्या पुन्हा तपासा. त्या बरोबर असतील, तर न घाबरता वही सरांसमोर ठेवा.

करून पाहा : २१११ ही संख्या घ्या. पहिल्याच वजाबाकीत काय येतं? तिथे शून्य लिहिलं नाही तर काय होईल?