शाळा पाहावी हिंडून

घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात आता तिसऱ्या गोष्टीची भर घालायला हरकत नाही : शाळा पाहावी हिंडून. मैत्रिणींनो, शहरात चार शाळा हाकेच्या अंतरावर असतात. आमच्या भोरकडे शाळा निवडायची म्हणजे आधी रस्ता निवडायचा, आणि पुष्कळदा राहायचं गावसुद्धा. आमच्या मनीचं नाव पहिलीत घालायचं होतं, म्हणून त्याआधी वर्षभर आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी आणि कधी रजा टाकून हिंडलो. त्या निमित्तानं हा मुलूख मी नव्यानं पाहिला. तुम्ही इकडे याल तेव्हा गड-किल्ले पाहालच, पण आईच्या नजरेला हा मुलूख कसा दिसतो तेही ऐका.

पुण्याहून सातारा रस्त्यानं निघून कापूरहोळला उजवीकडे वळलं की भोरचा रस्ता लागतो. वाटेत वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण दिसतं, १९२८ साली पुरं झालेलं. मग नीरेच्या काठचं आमचं गाव. ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. संस्थान १९४८ साली विलीन झालं. राजवाडा आता लोकांना सिनेमातूनच अधिक ओळखीचा आहे. पण शेवटच्या राजेसाहेबांचं नाव आमच्या तोंडी अजून रोज येतं ते शाळेमुळं. ‘राजा रघुनाथराव विद्यालय’ म्हटलं की भोर तालुक्यातल्या कितीतरी घरांतले आजोबा, मुलगा आणि नातू एकदम आपापल्या गोष्टी सांगू लागतात.

भोरपासून पश्चिमेला वरंधा घाटाकडे निघालं की नीरा-देवघरच्या पाण्याकडेनं हिरडस मावळ सुरू होतं. पाऊस मुसळधार, भाताची खाचरं, आणि डोंगराच्या कुशीत दहा-वीस घरांच्या वाड्या. बहुतेक वाड्यांना जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. एका वाडीत आम्ही पाणी प्यायला थांबलो. शाळेच्या ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘बाई, माझ्या येळंला साळा नव्हती म्हून शिकले न्हाय. आता साळा हाय, तर पोरं न्हाईत.’’ पोरं गेली कुठं? भोरला खोली घेऊन आईबरोबर राहायला, नाहीतर थेट कात्रज-धनकवडीला. वडील नोकरीच्या गावी, आई मुलांपाशी, आणि गावात आजी अन् गोठा. लावणीला सगळी चार दिवस येतात आणि शाळेची घंटा वाजली की परततात. एका मुलाच्या शाळेसाठी एका घराच्या तीन चुली होतात. फीच्या पावतीवर हा खर्च कुठंच लिहिलेला नसतो.

आमचा प्रश्न निराळा होता. आम्ही भोरातच राहतो, मी इथल्याच एका शाळेत अर्धवेळ शिकवते. ‘हे’ शिरवळला कारखान्यात आहेत. त्यांच्या मनात हमरस्त्याकडची एक खासगी इंग्रजी शाळा भरली होती. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ‘‘मला काम सगळं येतं,’’ ते म्हणाले, ‘‘पण मीटिंगमध्ये साहेब इंग्रजीत बोलायला लागले की माझी जीभ टाळूला चिकटते. ते मनीच्या वाट्याला नको.’’ यावर कुठल्या आईनं काय बोलावं?

शाळा देखणी होती. रंगीत भिंती, टाय बांधलेली मुलं, संगणकाची खोली. अशा बहुतेक नव्या शाळा २०१२ च्या कायद्याखालच्या ‘स्वयंअर्थसहाय्यित’ असतात. सरकारी अनुदान नाही, म्हणजे बाईंच्या पगारापासून खडूपर्यंत सगळं आपल्या फीमधून. त्यात वावगं काही नाही, पण मग विचारायचा हक्कही आपलाच. आपल्या राज्यात २०११ चा शुल्क-नियमनाचा कायदा आहे. त्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती फीला मंजुरी देते, आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. तेव्हा ‘‘समितीत पालक कोण आहेत?’’ असं खुशाल विचारा. देणगी मागणं आणि पहिलीच्या मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेणं, दोन्हीला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंदी आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते पाहू नका. मान्यतेचा क्रमांक आणि यू-डायस क्रमांक पाहा. आणि पहिलीच्या वर्गात शिरून पट मोजा. पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असं कायदा सांगतो. शिकवणाऱ्या बाई गेल्या वर्षीच्याच आहेत का, तेही हळूच विचारून घ्या. दरवर्षी बाई बदलत असतील तर रंगीत भिंती काय कामाच्या?

हे सगळं ठीकच निघालं. अडलं ते गाडीपाशी. जुलैत एका पावसाळी सकाळी आम्ही ओळखीनं त्या शाळेच्या गाडीत बसलो. वाटेतल्या वस्त्यांवरून मुलं घेत घेत शाळेत पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. दोन चिमुरडी माझ्या मांडीवरच झोपली. घरी येऊन यांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. जायला-यायला मिळून रोज दोन तास वीस मिनिटं. पाचवीपर्यंत वर्षाला निदान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं व्हावं असं कायदा म्हणतो. म्हणजे ८०० तास शिकण्यासाठी सहा वर्षांची पोर साडेचारशेच्या वर तास गाडीत बसणार! पेन्सिल खाली ठेवून हे बराच वेळ गप्प होते.

गाडीवाचून ज्यांना गत्यंतरच नाही त्यांनी एवढं पाहावं. शालेय बसचे २०११ चे नियम आहेत. मुली असतील तर गाडीत बाई मदतनीस हवी, आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. चालकाचं नाव आपल्या वहीत असावं आणि आपलं तोंड त्याच्या ओळखीचं.

आता इंग्रजीबद्दल, कारण खरा जीव अडकलेला असतो तो तिथं. वर्गात मला दोन्हीकडची मुलं भेटतात. घरी कुणीच इंग्रजी बोलत नाही असं एखादं मूल इंग्रजी धडा घडाघडा वाचतं आणि ‘‘काय वाचलंस रे?’’ म्हटलं की भिंतीकडे पाहतं. त्याला मराठी पुस्तकही मग अडखळतच वाचावं लागतं. ज्या घरात आई किंवा बाबा रोज त्या भाषेत दोन गोष्टी सांगू शकतात, तिथलं मूल मात्र छान तरतं. तेव्हा माध्यम शाळेचं विचारण्याआधी आपल्या स्वयंपाकघराचं विचारा. आजकाल पुष्कळ मराठी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे सेमी-इंग्रजी, असतं. तो मधला रस्ताही पाहण्याजोगा आहे.

शेजारच्या वेल्ह्यालाही आम्ही जाऊन आलो. या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून आत शिरलं की तोरण्याच्या पायथ्याशी वेल्हे, आणि पुढे पाबे घाट उतरून पानशेतकडे जाता येतं. पानशेतला लहान लहान वाड्यांच्या शाळांतली मुलं एकत्र आणून जिल्हा परिषदेची समूहशाळा केली आहे. मुलांना आणायला गाडी आहे. २०२३ साली शिक्षण खात्यानं वीसहून कमी पटाच्या शाळांसाठी असे प्रस्ताव मागवले, तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर पानशेतचं उदाहरण दिलं होतं. मोठ्या शाळेत सवंगडी मिळतात, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळतो. पण वाडीतली शाळा एकदा बंद झाली की गाडी न आलेल्या दिवशी मूल घरीच, आणि मुलगी असेल तर आधी घरी. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मला मात्र ओट्यावरच्या आजी आठवल्या. आपण एकेक जण मूल काढून नेतो, तेव्हा आपल्या मुलापुरतंच ठरवल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात मागे राहिलेल्या चार मुलांची शाळाही आपणच ठरवत असतो.

खासगी शाळेचा बडेजाव पाहायचा तर आम्हांला लांब जायला नको. भोरहून मांढरदेवीचा घाट चढून वाईला उतरलं की वर पाचगणी. १८९५ चं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट, १९२२ चं संजीवन विद्यालय, अशा जुन्या निवासी शाळा तिथं आहेत. हवा सुरेख, मैदानं हिरवीगार. ज्यांना परवडतं आणि ज्यांचा जीव मूल दूर ठेवायला धजतो त्यांची ती निवड. नीरेचं खोरं धरून खाली गेलं तर फलटणला अगदी वेगळं उदाहरण आहे. जन्मानं अमेरिकन असलेल्या मॅक्सीन बर्नसन या विदुषीनं तिथं १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली, आणि ती मराठी माध्यमाची! इंग्रजी जिची मायबोली, तिनं आपल्या मुलांसाठी मराठी निवडावी, यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली होती.

ज्यांची मिळकत बेताची आहे त्यांनी शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्के जागा विसरू नयेत. विनाअनुदानित खासगी शाळेत पहिल्या वर्गाच्या एक-चतुर्थांश जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी असतात. प्रवेश ऑनलाइन अर्जानं आणि सोडतीनं. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला यातून सूट देणारा नियम २०२४ मध्ये आला होता. मुंबई उच्च न्यायालयानं तो त्याच वर्षी रद्द केला. पण या प्रवेशात घरापासूनचं अंतर पाहतात, आणि हिरडस मावळातल्या वाडीपासून दोन-तीन किलोमीटरवर खासगी शाळा आहेच कुठं? हक्क कागदावर सगळ्यांना सारखा, रस्ता मात्र सारखा नाही. अर्ज करताना गाडीभाड्याचं काय, तेही आधी विचारून घ्या.

शेवटी आम्ही मनीचं नाव भोरातल्याच एका अनुदानित मराठी शाळेत घातलं. इमारत जुनी आहे, पावसात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागते. पण पहिलीच्या बाई अनेक वर्षं पहिलीच शिकवतात आणि वर्गातल्या प्रत्येक पोराच्या आजीचं नाव त्यांना ठाऊक आहे. घरापासून चालत बारा मिनिटं. जे दोन तास वाचले त्यांतला अर्धा तास यांनी मागून घेतला. रोज रात्री जेवणं झाली की बाप-लेक इंग्रजी गोष्टीचं पुस्तक घेऊन बसतात. मनीबरोबर त्यांचीही जीभ हळूहळू सुटते आहे.

तुमचं घर वेगळं, तुमचा निर्णय वेगळा असेल. खासगी शाळा निवडलीत तरी बिघडत नाही. फक्त नाव घालण्याआधीच्या पावसाळ्यात एकदा, न कळवता, साध्या दिवशी जा. गाडीतून जायचं असेल तर गाडीतूनच जा. मधल्या सुट्टीत मुलांचे डबे आणि मुलींची स्वच्छतागृहं पाहा. आणि घरी आल्यावर कागदावर फीच्या खाली आणखी एक ओळ लिहा : सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत आपल्या मुलाला खेळायला किती वेळ उरतो. तो आकडा लिहून झाला की मगच सही करा.