पदरातला निखारा

शेजारणीच्या चुलीतला निखारा गवरीवर घेऊन यायचा, त्यावर आपली चूल पेटवायची आणि रात्री तो राखेखाली झाकून ठेवायचा, ही आमच्या बुलढाण्याकडची जुनी रीत. विस्तवाशी सलगी करावी, पण त्याचा विसर पडू देऊ नये, असे माझी आजी सांगे.

हल्ली हा निखारा चंदेरी पाकिटात मिळतो. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात माझा एक विद्यार्थी थर्माकोलचे विमान रेडिओच्या हुकमावर उडवतो. त्या विमानाच्या पोटात लिथियम पॉलिमरची बॅटरी असते. वजनाने हलकी, शक्तीने दांडगी. पण तिला पत्र्याचे चिलखत नाही, नुसता पातळ वर्खाचा अंगरखा. तो फाटला किंवा तारा एकमेकींना भिडल्या, की आत वणवा!

एक दिवस पोराने ती माझ्या हातावर ठेवली. पुरी फुगावी तशी फुगली होती.

"सर, फुगली हाय, पण चालते न अजून!"

"चालते म्हणूनच भीती," मी म्हणालो. आतला द्रव बिघडून त्याचा वायू झाला, म्हणजे पाकीट फुगते. फटाक्याला वात असते; ती आपल्याला पळायला सवड देते. या बॅटरीची वात म्हणजे तिचे फुगणे. ते दिसले, की तिचे आयुष्य संपले असे समजावे. पुन्हा चार्जरला लावू नये.

पोराचे डोळे भरून आले. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून त्याने ती घेतली होती. "बाबाले काय सांगू?" एवढेच तो म्हणाला. गरिबाच्या घरी वस्तू मोडली तरी टाकवत नाही. धोका नेमका तिथेच दबा धरून बसतो.

मीच त्याच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले, बॅटरीकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, "सर, पोराचा डोळा जाण्यापरीस बॅटरी गेलेली बरी." एवढा नेमका पाठ मला वर्गातही देता आला नसता.

कोरड्या वाळूच्या मडक्यात ठेवून ती आम्ही अंगणाच्या कडेला, कडब्यापासून दूर नेली. मग टोकांना चिकटपट्टी लावून ती जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्राकडे पोचती केली. २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकायच्या नसतात.

नव्या बॅटरीबरोबर नवी शिस्त आली. प्रत्येक घटक ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा आणि ३ व्होल्टच्या खाली कधी उतरू द्यायचा नाही. सगळे घटक सारखे भरणारा चार्जरच वापरायचा. क्षमता २२०० मिलिअँपिअर-तास असेल, तर प्रवाह २.२ अँपिअर, घाई नाही. उड्डाणानंतर बॅटरी निवल्यावरच चार्जर लावायचा. काही दिवस उडवायचे नसेल, तर घटकाला सुमारे ३.८ व्होल्ट ठेवून ती बाजूला ठेवायची. मलकापूर-खामगावचा उन्हाळा ठाऊक आहे ना? त्या उन्हात बंद मोटारीत ती मुळीच ठेवायची नाही. विमान कोसळले, तर बॅटरी लगेच घरात न आणता उघड्यावर ठेवून तिच्यावर लक्ष ठेवायचे. आणि धूर निघालाच, तर वाकून पाहायचे नाही. तो विषारी असतो. आधी माणसांनी दूर व्हायचे.

एवढा जाच असेल, तर विमानच नको, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याला आकाश हवे, त्याने विस्तवाचे पथ्य पाळावे. एरवी आकाश काय फुकट मिळते?

परवा त्याच्या घरावरून जात होतो. अंगणातल्या फरशीवर चार्जर चालू होता. जवळ वाळूची बादली होती आणि शेजारी इतिहासाचे पुस्तक उघडून आमचे चिरंजीव ठाण मांडून बसले होते. बॅटरी भरायला तासाहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ तो जागचा हलला नाही, असे त्याची आई सांगत होती.

माझ्या तासाला तो इतका वेळ कधी बसलेला मला आठवत नाही!